विमा उतरवला म्हणजे कारखाना सुरक्षित झाला?

'विमा आहे ना, मग कसली काळजी?' लघुउद्योजकांपुढे आपत्तीच्या पूर्वतयारीचा विषय काढला की हे वाक्य हमखास येतं. आग लागो, पूर येवो, विमा कंपनी पैसे देईल आणि काम पुन्हा सुरू होईल, असा हा हिशोब. तो चुकीचा आहे, आणि चूक कळते ती विमा कंपनीचा सर्व्हेअर दारात आल्यावर. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आगीची नेहमीची पॉलिसी इमारत, यंत्रं आणि माल यांचं नुकसान भरून देते. कारखाना तीन महिने बंद राहिला, तर त्या काळातला बुडालेला नफा, कामगारांचे पगार आणि शेडचं भाडं त्यात येत नाही. त्यासाठी 'लॉस ऑफ प्रॉफिट'ची पॉलिसी वेगळी घ्यावी लागते. ती आपल्याकडे आहे का, हे आजच एजंटला विचारा. ती असली, तरी तिची मूळ अट अशी की विमा उतरवलेल्या जागेतल्या मालमत्तेचं पॉलिसीत बसणारं नुकसान झालेलं असलं पाहिजे. ऑगस्ट 2019 च्या पुरात पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळच्या शिरोलीपाशी पाण्याखाली गेला आणि अनेक दिवस बंद राहिला. ज्या फाउंड्रीत पाण्याचा थेंबही शिरला नाही, तिचं तयार कास्टिंग अशा वेळी गेटाच्या आत पडून राहतं. भिंत पडलेली नाही, यंत्र भिजलेलं नाही, मग साध्या पॉलिसीत दावा कशावर करणार? 2020 च्या टाळेबंदीतही हीच अट आडवी आली. रस्ता बंद होणं किंवा पुरवठादाराच्या कारखान्यात आग लागणं, यांसाठी जादा संरक्षण मिळू शकतं, पण ते मागून घ्यावं लागतं आणि त्यालाही अटी असतात.

दुसरा फटका रकमेचा. अनेक जण ताळेबंदातली घसारा वजा केलेली किंमतच विम्यासाठी धरतात. समजा, विम्याच्या नियमांनुसार यंत्रांचं मूल्य 1 कोटी भरतं आणि विमा 60 लाखांचा आहे. नुकसान 20 लाखांचं झालं, तर 20 लाख मिळत नाहीत. त्याच प्रमाणात, म्हणजे 12 लाख मिळतात. विमा नियामकाने 1 एप्रिल 2021 पासून लागू केलेल्या 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' (5 कोटींपर्यंत) आणि 'भारत लघु उद्यम सुरक्षा' (5 ते 50 कोटी) या पॉलिसींत 15 टक्क्यांपर्यंतच्या तुटीला सूट आहे. पण वरच्या उदाहरणात तूट 40 टक्के आहे, त्यामुळे ती सूट तिथे कामी येत नाही. शिवाय हप्ता कमी व्हावा म्हणून पूर-वादळाचं कलमच काढून टाकणारे आहेत. नदीकाठच्या वसाहतीत असं करणं मला अक्षम्य वाटतं.

आणि समजा, सगळे पैसे मिळाले, तरी गेलेला ग्राहक त्यात परत येत नाही. मार्च 2000 मध्ये अमेरिकेतल्या अल्बुकर्क इथे फिलिप्सच्या चिप कारखान्यात वीज पडून आग लागली. ती काही मिनिटांतच विझली, पण धुराने आणि पाण्याने स्वच्छ कक्षांतलं उत्पादन खराब झालं. नोकियाने लगेच पाठपुरावा केला आणि दुसरीकडून चिप मिळवल्या. एरिक्सनपाशी त्या चिपसाठी पर्यायी पुरवठादारच नव्हता. तिच्या बुडालेल्या विक्रीचा अंदाज 40 कोटी डॉलरच्या घरात गेला आणि पुढच्याच वर्षी तिने मोबाइलचा धंदा सोनीबरोबरच्या भागीदारीत नेला. ऐन हंगामात बाजारात नसण्याची पूर्ण भरपाई कुठलीच पॉलिसी देत नाही.

'भरपूर साठा ठेवला की झालं' हाही असाच समज. 22 जुलै 2021 ला चिपळूण पुरात बुडालं, तेव्हा तळमजल्यावरचा साठा आधी गेला. साठा किती, याइतकंच तो कुठे आहे हेही महत्त्वाचं.

'जस्ट-इन-टाइममुळेच, म्हणजे साठा न ठेवता लागेल तसा माल मागवल्यामुळेच, सगळं अडतं' हे अर्धसत्य आहे. 1 फेब्रुवारी 1997 ला आयसिन कंपनीचा जपानमधल्या कारिया इथला कारखाना जळाला. टोयोटाला लागणारा ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह जवळपास सगळा तिथेच बनायचा, म्हणून टोयोटाचे बहुतेक कारखाने थांबले. पण आयसिनने ड्रॉइंग मोकळेपणाने वाटली, सुमारे दोनशे कंपन्या मदतीला आल्या, शिलाई यंत्रं बनवणाऱ्या ब्रदरनेही व्हॉल्व्ह केले. आठवड्याभरात बहुतेक गाड्या पुन्हा बनू लागल्या.

'आमचे पुरवठादार दोन आहेत.' दोघेही कास्टिंग एकाच फाउंड्रीतून उचलत असतील, तर पुरवठादार एकच आहे.

'सगळ्या डेटाचा बॅकअप आहे.' तो त्याच ऑफिसातल्या हार्ड डिस्कवर असेल, तर आगीत दोन्ही जातील.

'हे मोठ्या कंपन्यांचं काम.' मुळीच नाही. पंधरा कामगारांच्या शेडला एक कागद पुरतो. कोणते तीन भाग नसले तर लाइन थांबते, आपल्या जिग-फिक्स्चरवर जॉबवर्क कोण करून देऊ शकेल, ड्रॉइंगची दुसरी प्रत कोणाच्या घरी आहे, दोन महिने विक्री झाली नाही तर पगार आणि बँकेचा हप्ता कशातून जाईल, आणि काम थांबल्याचं ग्राहकाला त्याच दिवशी फोन करून कोण सांगेल, एवढं त्यावर लिहा. ते पावसाळ्याआधी लिहा, आणि एक प्रत फोरमनलाही द्या.