रंगाऱ्याच्या घरचा राग

नायलॉन येण्यापूर्वी खारदांड्यापासून खाली कोकणापर्यंतच्या कोळीवाड्यांत जाळी सुताची किंवा तागाची असत. खाऱ्या पाण्यात ती लवकर कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून ठेवत. कोकणात त्यासाठी ऐनाची साल वापरत. सालीतलं तुरट द्रव्य धाग्यात मुरलं की जाळं तांबूस-तपकिरी व्हायचं. हा रंग शोभेचा नव्हता, त्याने धाग्याचा गुणच बदलायचा. अशा तुरट काढ्याला संस्कृतात कषाय म्हणतात. संन्याशाच्या काषाय वस्त्रांचं नाव त्यावरूनच आलं, आणि जैन तत्त्वज्ञानात क्रोध, मान, माया व लोभ या चार विकारांनाही कषाय असंच नाव आहे, कारण ते आत्म्यात मुरतात आणि कर्माला चिकटायला जागा करून देतात. रंगवण्याच्या कामातला शब्द मनाच्या विकाराला लावण्याची ही जुनी रीत ध्यानात ठेवली, तर आपण दिवसातून दहादा उच्चारतो त्या ‘राग’ या शब्दाचं कोडं बरंचसं उलगडतं.

कोडं असं, की हा शब्द मुळात संतापाचा नाहीच. त्यामागचा धातू रंज् आणि त्याचा अर्थ रंगणे, लाल होणे. रंग, रंजन, अनुरक्त, विरक्त ही सगळी त्याच घरची मंडळी. रक्त म्हणजेसुद्धा आधी ‘रंगलेलं’, मग ‘लाल’ आणि त्यानंतर अंगातून वाहतं ते. पाणिनीच्या अष्टाध्यायीत चौथ्या अध्यायाचा दुसरा पाद सुरू होतो तोच रंगवलेल्या वस्तूला नाव कसं द्यायचं या नियमाने. तिथे राग म्हणजे ज्याने कापड रंगवायचं ते द्रव्य, आणि लगेच पुढच्या सूत्रात लाख आणि गोरोचन हजर होतात. हा शब्द मनाकडे वळला तोही ओढ, आसक्ती या अर्थाने. पतंजलीच्या योगसूत्रांत सुखाच्या आठवणीमागे येतो तो राग, दुःखाच्या आठवणीमागे येतो तो द्वेष. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला स्थितप्रज्ञ राग, भय आणि क्रोध या तिघांपासून सुटलेला असतो. राग हाच क्रोध असता, तर एकाच यादीत त्याला दोनदा बसवायचं कारण नव्हतं.

संतापलेल्या माणसाचं तोंड लाल होतं, म्हणून लाल रंगाचा शब्द संतापाला मिळाला, हे उत्तर सहज सुचतं. मला ते अपुरं वाटतं. चेहऱ्याच्या रंगावरून मराठीने जे प्रयोग घडवले त्यांत रंग अजून डोळ्यांसमोर असतो: माणूस लालबुंद होतो, पांढराफटक पडतो, त्याचं तोंड काळवंडतं. ‘राग’मध्ये रंग कुणालाच दिसत नाही. रागाने एखादा पांढराफटक पडला असं म्हणताना आपल्याला काही विसंगत बोललो असं वाटतही नाही. ज्या वाटेने हा शब्द आला ती चेहऱ्यावरून जाणारी नसून रंगाऱ्याच्या रांजणातून जाणारी असावी. कापडाचा रंग कातडीवर येऊन ओसरत नाही, तो आत मुरतो.

याचा सर्वांत सुंदर पुरावा चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पण’ या ग्रंथात आहे. मीलनापूर्वीच्या प्रेमाला तो पूर्वराग म्हणतो आणि त्याचे तीन प्रकार करतो, नीलीराग, कुसुंभराग आणि मंजिष्ठाराग. तिन्ही नावं रंगद्रव्यांची. नीळ फार झळकत नाही पण निघतही नाही. तसं जे प्रेम मिरवत नाही आणि मनातून जातही नाही, तो नीलीराग. कुसुंभ म्हणजे आपली करडई. तिच्या पाकळ्यांचा लाल रंग दिसायला झगझगीत, पण उन्हात आणि धुण्यात तग न धरणारा. तसं चमकून विरणारं प्रेम ते कुसुंभराग. मंजिष्ठेच्या मुळांचा लाल तुरटीच्या साहाय्याने धाग्याला घट्ट धरतो, म्हणून जे शोभतंही आणि टिकतंही ते प्रेम मंजिष्ठाराग. इथे लालपणाला महत्त्व नाही, कारण पहिल्या क्रमांकावर निळा रंग आहे. महत्त्व पक्केपणाला आहे. कोणता रंग धुतल्यावर राहतो याचं रंगाऱ्याचं व्यवहारज्ञान विश्वनाथाने जसंच्या तसं प्रेमाच्या शास्त्रात आणून बसवलं आहे, आणि त्याला ते करता आलं, कारण ‘राग’ शब्दातला रंग तेव्हा जिवंत होता.

मग प्रेमाचा शब्द संतापाचा कसा झाला? असे उलटे अर्थ संभवतच नाहीत, असं कुणी म्हणेल. पण ‘वेदना’ पाहा. बौद्ध ग्रंथांत वेदना सुखाचीही असते, दुःखाचीही आणि दोन्ही नसलेलीही. मराठीत ती फक्त दुखण्याची उरली. ‘वास’ सुगंधाचाही असतो, पण नुसतं ‘वास येतोय’ म्हटलं की नाकाला पदर जातो. भरगच्च अर्थाचा शब्द आपल्या सर्वांत त्रासदायक टोकाला जाऊन बसतो, हे भाषेत नेहमीचं आहे. मनाला पूर्ण व्यापणारा कोणताही विकार तो राग, आणि असे विकार घराघरांत ज्या रूपात उठून दिसतात ते संतापाचं. शिवाय गीतेनेच आसक्तीतून काम आणि कामातून क्रोध अशी साखळी सांगितली आहे, तेव्हा दोघांचं नातं जुनंच. शेवटच्या वळणावर लाल रंगानेही थोडा हातभार लावला असेल, हे मान्य करायला हवं: भरताच्या नाट्यशास्त्रात रौद्र रसाचा वर्ण लाल आहे, तर शृंगाराचा श्याम.

हे मराठीपुरतं घडलेलं नाही. बंगालीत आणि ओडियातही राग म्हणजे संतापच. हिंदीत मात्र तो आसक्तीचा आणि संगीताचा राहिला. मराठीत जुने थर जोडशब्दांत टिकून आहेत. अनुरागात प्रेम आहे, विरक्तीत रंग उडाला आहे, गवयाचा राग मन रंगवतोच. सगळ्यांत गंमत ‘राग-द्वेष’ या जोडीची. शास्त्रात हे दोघे एकमेकांच्या विरुद्ध बाजूंचे, पण मराठी कानाला ते एकाच बाजूचे वाटतात. उलट ‘रागलोभ’ म्हणताना आपण रागाला वाईट आणि लोभाला चांगलं धरतो, पत्राखाली बिनदिक्कत ‘लोभ असावा’ असं लिहितो. म्हणजे ज्या लोभाला जैनांनी कषायांत टाकलं तो प्रेमाच्या बाजूला आला, आणि जो मुळात प्रेमाचा होता तो राग पलीकडे गेला.