ढगाळ बिअर आणि माझं करडीचं तेल



आज विषय बिअरचा आहे. दचकू नका. तुम्ही प्या असं मी म्हणत नाही, आणि जे पीत नाहीत त्यांनी तर हा लेख नक्की वाचावा, कारण यात धंद्याचं काम आहे.

जुन्या प्रेक्षकांना माहीतच आहे की माझं चिखलीत लाकडी घाण्याच्या तेलाचं दुकान आहे. २०१९ मध्ये करडीचं तेल काढायला लागलो. पहिल्या चाळीस कॅनपैकी अकरा परत आले. तेल खराब नव्हतं, फक्त तळाला साका बसला होता. न गाळलेल्या घाण्याच्या तेलात तो बसतोच. पण आयुष्यभर काचेसारखं रिफाइंड तेल बघितलेल्या माणसाला तो साका म्हणजे भेसळ वाटली. एका किराणा दुकानदारानं तर चार लोकांसमोर माझा माल उचलून बाहेर ठेवला. त्या रात्री जेवण गेलं नाही.

पुढे एका ट्रेनिंगसाठी पुण्याला गेलो असताना मित्रानं एका मायक्रोब्रुअरीत नेलं. मायक्रोब्रुअरी म्हणजे जिथं बिअर तिथंच टाक्यांमध्ये बनते आणि तिथंच ताजी विकली जाते. माझ्यासमोर ग्लास आला तो गढूळ. मी म्हटलं, "भाऊ, ही खराब झालीये." वाढणारा मुलगा हसला. म्हणाला, "सर, ही गव्हाची आहे, हेफेवायझेन. गाळत नाहीत. यीस्ट आणि गव्हातलं प्रोटीन, म्हणून ढगाळ दिसते." वास चक्क केळ्याचा आणि लवंगेचा. केळं नाही, लवंग नाही, सगळी त्या यीस्टची करामत. मी तिथंच कपाळावर हात मारला. माझ्याच अकरा कॅनची गोष्ट हा पोरगा मला ऐकवत होता!

मग या लोकांचा इतिहास वाचून काढला. २००९ मध्ये पुण्यात सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी 'डूलाली' सुरू केली, ऑलिव्हर शाउफ हा जर्मन ब्रुअर सोबत घेऊन. देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी ही एक. नाव विचित्र वाटतं ना? ते आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आलंय. मायदेशी परतणारे ब्रिटिश सैनिक तिथल्या छावणीत जहाजाची वाट बघत महिनोन्महिने पडून राहायचे. कंटाळून डोकं फिरलं की त्याला इंग्रजीत 'डूलाली' म्हणायची पद्धत पडली. ब्रँडचं नाव शोधायला परदेशी शब्दकोश उघडणाऱ्यांनो, देवळालीकडे बघा जरा.

आता यातली अवघड बाजू. आपल्याकडे बिअर शॉपीवर गिऱ्हाईक पहिलं काय विचारतं? "स्ट्राँग आहे का? चिल्ड आहे का?" चवीचा प्रश्नच नाही. देशात खपणाऱ्या बिअरमध्ये स्ट्राँगचाच वाटा मोठा. अशा बाजारात कमी नशेची, जास्त किमतीची, दिसायला गढूळ आणि लवकर संपवावी लागणारी वस्तू विकायला निघणं म्हणजे हिंमतच. ताजी बिअर पाश्चराइझ केलेली नसते, ती थंड ठेवावी लागते आणि तरी फार टिकत नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ते दिसलंच. बार बंद, टाक्या भरलेल्या, आणि गोडाऊनमध्ये ठेवून द्यावा असा हा माल नाही. शेवटी राज्यात ग्राउलरमध्ये, म्हणजे झाकणाच्या मोठ्या भांड्यात भरून विकायची परवानगी मिळाली, तेव्हा थोडा श्वास आला. तुमचा माल नाशवंत असेल तर ही रात्र तुमच्यावरही येऊ शकते, हे लिहून ठेवा.

पुण्याच्याच 'मूनशाइन मीडरी'ची अडचण आणखी वेगळी. रोहन रेहानी आणि नितीन विश्वास हे दोघं मध आंबवून 'मीड' बनवतात. ही बिअर नाही, द्राक्षाची वाइनही नाही. मग कायद्याच्या कोणत्या खान्यात बसवायची? गिऱ्हाइकाला समजवायच्या आधी सरकारी टेबलावर समजवावं लागलं. २०१८ मध्ये त्यांचा माल बाजारात आला. आपण एक लायसन्स अडकलं की धंदाच सोडायच्या गोष्टी करतो.

डोंबिवलीतून 'गेटवे ब्रुइंग'नं मुंबईच्या बारना पिंपं पुरवली, तोही वेगळा रस्ता आहे: स्वतःचं ठिकाण न काढता दुसऱ्याच्या काउंटरवर माल ठेवायचा. पण मला मनापासून आवडलं ते 'ग्रेट स्टेट एलवर्क्स'चं काम. नकुल भोसले यांची ही पुण्याची कंपनी. त्यांनी मीठ घातलेल्या कोकमाची बिअर काढली, भरडधान्यं वापरली. कोकम आपल्या महाराष्ट्राचं, चव आपल्या ओळखीची, फक्त ग्लास नवा. बिअरच्या शौकिनांनी बाहेरच्या बाटलीचं कौतुक करण्याआधी ही चाखायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या मुलानं अजून एक गोष्ट केली होती. ऑर्डर घ्यायच्या आधी त्यानं चार छोट्या ग्लासांत चार चवी आणून ठेवल्या, प्रत्येकीबद्दल दोन वाक्यं बोलला आणि बाजूला झाला. परत येऊन मी तेच केलं. शंभर मिलिलिटरच्या बाटल्या भरल्या आणि प्रत्येकीवर मराठीत चिठ्ठी लावली: "तळाला साका दिसेल. तेल गाळलेलं नाही म्हणून." लोक साका बघायला बाटली उजेडात धरायला लागले. त्यानंतर साक्यासाठी परत आलेला कॅन मला आठवत नाही. भावाबद्दल कुरकुर अजून आहे, ती वेगळ्या व्हिडिओत सांगतो.

परवा मामांकडे गेलो होतो. सोयाबीनच्या भावानं ते वैतागलेले. ज्वारी पेरणं त्यांनी कधीच सोडलंय. सहज म्हटलं, पुण्यात भरडधान्याची बिअर करतात. मामा माळकरी, बिअरचं नाव काढलं की तोंड फिरवणारे. पण थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मंग ज्वारी कोन्त्या भावानं घेतात, इचार बरं त्याह्यले."

ते विचारायचं अजून राहिलंय.