तिळाच्या भिंती, राजगिऱ्याचं छप्पर

आदिलाबादची थंडी तेलंगणात नावाजलेली. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा अंशांच्या खाली उतरतो आणि हवा कोरडी होते. चिक्की या दिवसांत डब्याबाहेर ठेवली तरी सहज सादळत नाही. म्हणून नाताळात युरोपातली मुलं खाऊचं घर बांधतात, तसं आपण संक्रांतीच्या सुट्टीत बांधावं, असं मला मनापासून वाटतं.

तिकडचं घर सुंठ घातलेल्या बिस्किटांचं. ग्रिम बंधूंनी 1812 साली छापलेल्या हँसेल-ग्रेटेलच्या गोष्टीत पावाचं घर, केकचं छप्पर आणि साखरेच्या खिडक्या आहेत. अशा घराच्या भिंती उभ्या राहतात त्या साखरेमुळे: ती तापून वितळते आणि गार होताना काचेसारखी कडक होते. आपल्या चिक्कीतही हेच घडतं. त्यासाठी भट्टी लागत नाही, कढई आणि पोळपाट पुरे.

आधी जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचे साचे कापा: चार भिंती, त्यांतल्या दोन वर त्रिकोणी, आणि छपराच्या दोन फळ्या. एक वाटी भाजलेले तीळ, एक वाटी चिक्कीचा गूळ, चमचाभर तूप. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला की तो कट्कन तुटला पाहिजे. नुसती मऊ गोळी झाली तर भिंत संध्याकाळपर्यंत वाकते. तीळ घालून गोळा तूप लावलेल्या पोळपाटावर लाटा आणि साचा ठेवून लगेच सुरी चालवा. गार झालेली चिक्की कापायला गेलं की तिचे तुकडेच होतात. म्हणून एकदम मोठा घाणा घेऊ नये, दोन-दोन भिंतींचा घ्यावा. छप्पर राजगिऱ्याचं करावं, कारण ते हलकं असतं. शेंगदाण्याच्या छपराखाली आमच्या भिंती एकदा फाकल्या होत्या.

सांधायला साखरेचा तसाच कडक पाक. हे काम मोठ्यांनीच करायचं. पाक उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेला असतो आणि कातडीला चिकटून राहतो. मुलांनी भिंती धरून मनात शंभर मोजायचे. सजावटीसाठी पिठीसाखरेत लिंबाचे थेंब कालवून दाट लेप करा आणि तो मुलांच्या हाती सोपवा.

इथून पुढे घर मुलांचं. छपराच्या कडेला काटेरी हलवा लावावा. बोरन्हाणाच्या मुलाला आणि नव्या सुनेला आपण हलव्याचे दागिने घालतो. खाऊचा दागिना करायची कला आपल्याकडे आहेच, तिला फक्त घराचं अंगण द्यायचं. पायवाट बत्ताशांची, कुंपण शेवेचं. आणि खिडकी? शेजारच्या तेलुगू घरातून सकिनालु येतात. तांदळाच्या पिठात तीळ-ओवा घालून, हातानं वेटोळी वळून तळलेली ती गोल कडी भिंतीला चिकटवली की झाली खिडकी. मुलांना वेटोळं कसं वळतात ते बघायला त्या घरी नक्की पाठवा. त्या बायकांच्या बोटांमधून पीठ दोऱ्यासारखं उतरताना बघण्यासारखं असतं.

ताट पाण्याच्या परातीत ठेवा, नाहीतर रात्रीतून मुंग्या गृहप्रवेश करतील. संक्रांतीच्या संध्याकाळी तिळगूळ वाटायच्या वेळी घर फोडायचं. पहिला घाव छपरावर घालावा, आणि तो सगळ्यात लहान मुलाच्या हातून.