पुढं पळणारा फुलबॅक : ठेवायचा की काढायचा?

विष्णुपुरीत कॉलेजच्या कॅन्टीनवर सध्या एकच वाद सुरूय. हॉकीची टीम निवडायचीय आणि एका फुलबॅकवरून दोन गट पडलेत.

"त्याला कामून ठेवायलेत? बॉल मिळाला की पुढं पळायलाय, मागं मैदान मोकळं!"

"मग पेनल्टी कॉर्नर तू मारणारायस का?"

गुरु गोबिंदसिंघजी गोल्ड-सिल्व्हर कपचे सामने बघत वाढलेल्या नांदेडकरांना हॉकीवर बोलायला निमित्त लागत नाही. पण हा प्रश्न फक्त आपल्या टीमचा नाही, मोठ्या टीम्सनाही तो पडलाय.

जानेवारी २०२३. ओडिशातला वर्ल्ड कप. कॅप्टन हरमनप्रीत सिंग बचावपटू, पण खरी ओळख ड्रॅग फ्लिकची. नेमकी तीच चालली नाही. न्यूझीलंडनं शूटआऊटमध्ये हरवलं आणि भारत क्वार्टर फायनलच्या आधीच बाहेर. टीका भरपूर झाली, पण टीमनं त्याला सोडलं नाही. त्याच वर्षी त्याच्याच कॅप्टन्सीत एशियन गेम्सचं गोल्ड आलं. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये भारताच्या १५ पैकी १० गोल त्याचे. ब्राँझच्या मॅचमध्ये स्पेनला २-१ नं हरवलं, ते दोन्ही गोलही त्याचेच!

आता दुसरी बाजू. आइस हॉकीतला पॉल कॉफी हाही असाच पुढं धावणारा डिफेन्समन. १९८५-८६ च्या मोसमात त्यानं ४८ गोल केले. तरी कराराच्या वादातून एडमंटन ऑयलर्सनं १९८७ मध्ये त्याला पिट्सबर्गला देऊन टाकलं, आणि पुढच्याच वर्षी स्टॅनली कप जिंकला! पण त्यांच्याकडे गोल करायला वेन ग्रेट्झकी होता. तुमच्याकडे कोण आहे?

खरी मेख इथंच आहे. पेनल्टी कॉर्नर मारायला फुलबॅक पुढं जातो. फ्लिक अडली की समोरचे काउंटर अटॅकला सुटतात आणि त्याची जागा रिकामी असते. ती भरायचं काम त्याचं एकट्याचं नाही. पॅरिसमध्ये ब्रिटनविरुद्ध अमित रोहिदासला रेड कार्ड मिळालं, तेव्हा दहा जण एकमेकांच्या जागा सांभाळत ४० मिनिटांहून जास्त खेळले. मॅच १-१ अशी सुटली आणि शूटआऊटमध्ये भारत जिंकला.

म्हणून मित्रांनो, त्याचं नाव खोडण्याआधी एवढंच बघा: तो पुढं गेला की त्याच्या जागेवर मागं कोण येतं? कुणीच येत नसेल, तर चूक एकट्या फुलबॅकची कशी? आधी तेवढी सवय लावा. त्यानंतरही गोल खाल्ले, तर कॅन्टीनवर पुन्हा बसूच की!