घोडे किती? ओझं किती?

मुलांनो, मोटारींच्या गप्पा रंगल्या की एक प्रश्न हमखास येतो : "इंजिन किती हॉर्सपॉवरचं?" ज्या गाडीचा आकडा मोठा, ती भारी! पण त्या घोड्यांना ओढायचं काय आहे, हे कुणी विचारतच नाही. उसाने भरलेली बैलगाडी आणि रिकामी बैलगाडी यांना सारख्याच ताकदीचे बैल जुंपले, तर पुढे कोण जाईल? हे काही तुम्हांला सांगायला नको. मोटारीचंही अगदी तसंच असतं. हे समजून घ्यायला अमेरिकेतल्या जुन्या आलिशान मोटारी फार छान. कारण त्या जितक्या ताकदवान होत्या, तितक्याच जडही!

आधी हॉर्सपॉवर म्हणजे काय ते पाहू. ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उंच उचलायचं, तर साधारण एक हॉर्सपॉवर, म्हणजे एक अश्वशक्ती लागते. आता आपलं गणित सोपं आहे. गाडीच्या वजनाला अश्वशक्तीने भागायचं. एका घोड्याच्या वाट्याला किती किलो आले, ते कळतं. वाटा जितका कमी, तितकी गाडी चपळ.

महाराजांची गाडी

डिसेंबर १९२८मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ड्युसेनबर्ग कंपनीने 'मॉडेल जे' ही गाडी मांडली. एका रांगेत आठ सिलिंडर, इंजिन जवळजवळ ७ लिटरचं आणि ताकद २६५ अश्वशक्ती! कंपनी नुसता सांगाडा आणि इंजिन विकायची. वरची बॉडी गिऱ्हाईक आपल्या हौसेप्रमाणे कारागिरांकडून करून घ्यायचा. त्यामुळे प्रत्येक गाडीचं वजन वेगळं, पण २३०० किलोच्या आसपास. करा बरं भागाकार! एका घोड्याला पावणेनऊ किलो. पुढे 'एसजे' मॉडेलमध्ये इंजिनात जोराने हवा कोंबणारा पंखा, म्हणजे सुपरचार्जर बसवला आणि ताकद ३२० झाली. वाटा सव्वासात किलोंवर आला. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्याकडे अशी एक एसजे होती. तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग कंपनीने घडवली होती.

तीनशे घोडे

१९५५ साली क्रायसलर कंपनीने 'सी-३००' काढली. नावातले तीनशे म्हणजे तिचे तीनशे घोडे! इंजिन ५.४ लिटरचं. सिलिंडरच्या माथ्याची पोकळी नारळाच्या करवंटीसारखी अर्धगोल. अशा आकारात झडपा मोठ्या बसवता येतात, म्हणून हवा आणि पेट्रोल सहज आत शिरतं. गाडी साडेपाच मीटर लांब, आत चामड्याच्या गाद्या. वजन सुमारे १८०० किलो. म्हणजे एका घोड्याला फक्त ६ किलो!

दिवाणखान्यासारखी ही ऐसपैस गाडी. ती शर्यतीत काय करणार, असं वाटेल. पण कार्ल किकहेफर नावाचे बोटींची इंजिनं बनवणारे एक कारखानदार होते. त्यांनी याच गाड्या नॅसकारच्या शर्यतींत उतरवल्या. त्यांचा ड्रायव्हर टिम फ्लॉक याने १९५५च्या हंगामात १८ शर्यती जिंकल्या आणि अजिंक्यपदही पटकावलं. वजन होतंच, पण घोडे त्याला पुरून उरले.

पळणं सोपं, थांबणं अवघड

मग वजनाने बिघडतं कुठे? तर ब्रेक दाबल्यावर. सायकलवर मित्राला मागे बसवून उतारावरून आलात, तर ब्रेक जास्त जोरात दाबावा लागतो ना? वजन दुप्पट झालं की गाडीतली गतिज ऊर्जा दुप्पट होते. आणि वेग दुप्पट झाला की ती चौपट होते! ही सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये घर्षणाने उष्णता होऊन बाहेर पडते. सी-३००ला ड्रम ब्रेक होते. असे ब्रेक पुन्हापुन्हा दाबले की तापतात आणि त्यांची पकड ढिली पडते. इंजिनाचे घोडे इथे काही मदतीला येत नाहीत. भरधाव गाडीसमोर एखादं मूल अचानक आलं, तर प्रश्न 'किती पळते' हा नसतो, 'कुठे थांबते' हा असतो.

आकडे फसवतात तेव्हा

१९७०मध्ये कॅडिलॅकने आपल्या 'एल्डोरॅडो' गाडीत ८.२ लिटरचं प्रचंड इंजिन बसवलं. ताकद सांगितली ४०० अश्वशक्ती. १९७६ साली तेवढ्याच आकाराच्या इंजिनाची ताकद होती फक्त १९०! निम्मेअधिक घोडे गेले कुठे?

काही घोडे कागदावरच होते. पूर्वी इंजिन एकटंच टेबलावर ठेवल्यासारखं मोजत. धूर बाहेर टाकणारी गाडीची नेहमीची नळी, हवेची गाळणी वगैरे अंगावरची ओझी काढून! १९७२पासून अमेरिकन कंपन्या हे सगळं जोडून मोजू लागल्या. कॅडिलॅकच्या १९७१च्या इंजिनाची जुन्या रीतीने ताकद ३६५, तर नव्या रीतीने २३५. इंजिन तेच बरं का! बाकीचे घोडे मात्र खरोखरच कमी झाले. शिसं कमी असलेलं पेट्रोल चालावं आणि धूर कमी व्हावा, म्हणून इंजिनात बदल केले गेले. ड्युसेनबर्ग आणि सी-३०० यांचे आकडेही जुन्या रीतीचेच आहेत. त्यामुळे त्या दोघींची आपसांत तुलना करा, पण १९७६च्या गाडीशी करू नका. मापाची पट्टी एकच हवी!

दहा घोडे गेले, तरी फायदा

ऑक्टोबर १९७३मध्ये अरब देशांनी अमेरिकेचं तेल अडवलं. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. १९७५ साली अमेरिकेत कायदा झाला. १९७८पासून प्रत्येक कंपनीच्या नव्या गाड्यांनी सरासरी दर गॅलनला १८ मैल, म्हणजे लिटरला साधारण साडेसात किलोमीटर धावायला हवं होतं. मग जड गाड्यांना पथ्य सुरू झालं.

१९७६च्या कॅडिलॅक 'सेडान डी व्हिल'चं वजन सुमारे २३०० किलो आणि ताकद १९०. वाटा १२ किलोंहून थोडा जास्त. १९७७ साली तिला ७ लिटरचं लहान इंजिन मिळालं, ताकद १८०. पण वजन उतरलं सुमारे १९०० किलोंवर! आता वाटा साडेदहा किलो. दहा घोडे कमी होऊनही प्रत्येकाचं ओझं हलकं झालं. शिवाय ब्रेकवरचा भार कमी, पेट्रोलही कमी.

आता गंमत बघा. कॅडिलॅकचीच विजेवर चालणारी नवी 'एस्कलेड आयक्यू' गाडी आहे ७५० अश्वशक्तीपर्यंतची, पण वजन चार हजार किलोंहून जास्त! त्यात बॅटरीचा वाटा मोठा. एका घोड्याला साडेपाच किलोच येतात, म्हणून ती झपकन सुटते. पण सारख्याच वेगाला तिच्यात १९७६च्या डी व्हिलच्या जवळपास पावणेदोन पट ऊर्जा असते. तिचे ब्रेक आणि टायर त्या मानाने दणकट लागतात. आणि ती एखाद्या छोट्या गाडीवर आदळली, तर जास्त धक्का छोट्या गाडीलाच बसतो.

करून पाहा

खेळण्यातल्या गाडीला दोरा बांधा. दोऱ्याचं दुसरं टोक टेबलाच्या कडेवरून खाली सोडा आणि त्याला रिकामी काडेपेटी अडकवा. काडेपेटीत गाडी चालू लागेल इतकी नाणी टाका. ही नाणी म्हणजे तुमचे घोडे. गाडी कडेपर्यंत यायला किती वेळ लागतो, ते मोजा. आता गाडीवर रबरबँडने दोन जुने सेल बांधा आणि तेवढ्याच नाण्यांनी पुन्हा ओढा. मग सेल न काढता पहिल्याइतकाच वेळ यायला आणखी किती नाणी लागतात, ते वहीत लिहा. आईबाबांना विचारून घरच्या किंवा शेजारच्या स्कूटरचं वजन आणि अश्वशक्तीही शोधा. भागाकार तर तुम्हांला येतोच!