कथेतले नाव, घरातले नाव

बारसे जवळ आले की पणदऱ्यासारख्या गावातील व्यापारी घरांतही हल्ली दोन सूर उमटतात. आजोबांना तीर्थंकरांचे किंवा राशीच्या अक्षराचे नाव हवे असते. सुनेच्या मनात मात्र एखाद्या कादंबरीतील नायिकेने घर केलेले असते. “कल्पनेतल्या बाईचे नाव आपल्या नातीला कशाला?” हा आजोबांचा प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर आपल्याच परंपरेत सापडते.

‘कादंबरी’ हा शब्दच पाहा. सातव्या शतकात बाणभट्टाने आपल्या संस्कृत गद्यकथेच्या नायिकेला हे नाव दिले आणि पुढे मराठीने त्यावरून साऱ्या साहित्यप्रकाराचेच बारसे केले. पादलिप्तसूरींची ‘तरंगवती’, धनपाल कवींची ‘तिलकमंजरी’, उद्द्योतनसूरींची ‘कुवलयमाला’ या जैन कथाही नायिकांच्याच नावांनी ओळखल्या जातात.

इ. स. ७७९ मध्ये जालोर येथे पूर्ण झालेली ‘कुवलयमाला’ तर व्यापाऱ्यांना विशेष जवळची आहे. तिच्यातील बाजारपेठेत देशोदेशींचे वाणी आपापल्या बोलीत व्यवहार करतात. त्यांत मराठी बोलणारेही आहेत. तिच्यातील लोभदेव सोपाऱ्याच्या व्यापाऱ्याबरोबर जहाजाने परदेशी जातो आणि परतताना लोभापायी त्या भागीदारालाच समुद्रात लोटतो. क्रोध, मान, माया, लोभ आणि मोह यांत गुरफटलेल्या जीवांचा मुक्तीकडे होणारा प्रवास हाच या कथेचा विषय होय. १९५९ मध्ये डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी हा प्राकृत ग्रंथ संपादून प्रसिद्ध केला. ‘कुवलयमाला’ म्हणजे निळ्या कमळांची माळ. असे नाव परके कसे म्हणावे?

मात्र आईवडिलांनीही एक पथ्य पाळावे. नाव ठेवण्यापूर्वी कथा शेवटपर्यंत वाचावी. अर्धवट पाहिलेल्या मालिकेतील नाव गोड वाटते. मालिका विस्मरणात जाते, नाव मात्र शाळेच्या दाखल्यापासून पेढीच्या कागदपत्रांपर्यंत जन्मभर सोबत राहते. “ही कोण होती?” असे लेकीने उद्या विचारले, तर अभिमानाने सांगता येईल असे उत्तर हवे.

आणि घाई तरी कशाला? जन्माची नोंद नावाशिवायही होते. त्यानंतर बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क नोंदविता येते. तेवढ्या अवधीत सुनेने ती कथा आजोबांना वाचून दाखवावी. कथा ऐकल्यावर ते नाव त्यांच्या तोंडी आपोआप आले, तर ते घरचे झाले असे समजावे.