मल्टिगन: तीन बंदुकांचा खेळ आणि नवख्याची सुरुवात

मल्टिगन म्हणजे एकाच स्पर्धेत रायफल, पिस्तूल आणि शॉटगन ही तिन्ही हत्यारे वापरून, धावत-फिरत आणि घड्याळ लावून खेळायची नेमबाजी. अमेरिकेत हा खेळ ‘थ्री-गन’ या नावानेही ओळखला जातो आणि तिथेच तो वाढला. ऑलिंपिकमध्ये दिसणाऱ्या नेमबाजीशी त्याचे नाते दूरचे आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारात रायफल एकच असते, अंतर ठरलेले असते आणि सारा कस शरीर निश्चल ठेवण्यात लागतो. मल्टिगनमध्ये खेळाडू एका जागी थांबतच नाही. चार-पाच मीटरवरच्या पुठ्ठ्यापासून दोन-तीनशे मीटरवरच्या पोलादी पाटीपर्यंत लक्ष्ये पसरलेली असतात. कोणते लक्ष्य कुठून आणि कोणत्या क्रमाने टिपायचे हे बऱ्याच वेळा खेळाडूनेच ठरवायचे असते.

खेळाचे मूळ व्यवहारोपयोगी पिस्तूलबाजीत आहे. १९७६ साली मिझुरी राज्यातल्या कोलंबिया येथे ‘आयपीएससी’ ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष होते. अचूकता, ताकद आणि वेग या तिन्हींना सारखे महत्त्व, हे त्या संघटनेचे ब्रीद. तिची अमेरिकी शाखा ‘यूएसपीएसए’ १९८४ मध्ये उभी राहिली. त्याच दशकात ‘सोल्जर ऑफ फॉर्च्यून’ या मासिकाच्या वार्षिक स्पर्धेने तीन बंदुकांचा प्रकार लोकप्रिय केला. आज जेरी मिकुलेक, त्यांची मुलगी लीना मिकुलेक आणि अमेरिकी लष्कराच्या नेमबाजी पथकातून पुढे आलेला डॅनियल हॉर्नर ही या खेळातली ठळक नावे आहेत. मात्र राष्ट्रीय अजिंक्यपदाइतकेच या खेळाचे खरे जीवन महिन्यातून एकदा भरणाऱ्या स्थानिक क्लबांच्या सामन्यांत आहे. नवखा खेळाडू शिरतो तोही याच दाराने.

सामना ‘स्टेज’ नावाच्या स्वतंत्र डावांत विभागलेला असतो. स्थानिक सामन्यात असे चार ते सहा डाव असतात. एक नमुना पाहू. खेळाडू भरलेली शॉटगन घेऊन सुरुवातीच्या खुणेवर उभा राहतो. टायमरची शिटी वाजली की तो चार मातीच्या तबकड्या आणि चार पोलादी पाट्या पाडतो. मग शॉटगनमध्ये पुन्हा काडतुसे भरून ‘टेक्सस स्टार’कडे वळतो. ही पाच पात्यांची पोलादी चांदणी असते आणि प्रत्येक पात्याच्या टोकाला एक पाटी बसवलेली असते. पहिली पाटी पडेपर्यंत चांदणी स्थिर असते. ती पडली की तोल बिघडतो आणि चांदणी फिरू लागते. पुढची प्रत्येक पाटी पडताना ती वेडीवाकडी झोके घेते. पाचही पाडून झाल्यावर खेळाडू शॉटगन ठरवून दिलेल्या पिंपात उभी करतो, धावत जाऊन टेबलावरची रायफल उचलतो आणि लाकडी भिंतीतल्या झरोक्यातून दूरच्या पाट्या टिपतो. रायफलही सुरक्षित करून ठेवली की कमरेचे पिस्तूल काढून शेवटची पुठ्ठ्याची लक्ष्ये. शेवटच्या बाराचा आवाज टायमर टिपतो आणि तीच त्या डावाची वेळ ठरते.

गुणांकनाच्या पद्धती अनेक आहेत. नवख्याला समजायला सोपी ती ‘वेळ अधिक दंड’ ही. पुठ्ठ्याच्या लक्ष्यावर मधल्या भागात एक किंवा कुठेही दोन गोळ्या लागल्या की ते लक्ष्य पुरे झाले. लक्ष्य अपुरे राहिले किंवा सुटले तर सेकंदांचा दंड बसतो. एकाने डाव ६२ सेकंदांत संपवला पण पाच-पाच सेकंदांचे दोन दंड घेतले, तर त्याची वेळ ७२ सेकंद. दुसऱ्याने ६८ सेकंद घेतले पण एकही लक्ष्य सोडले नाही, तर तो पुढे. दुसरी पद्धत ‘हिट फॅक्टर’ची. तिच्यात मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागतात. हिशेब कोणताही असो, घाईने सुटलेले लक्ष्य महागात पडते.

खेळाडूंचे गट साधनांवरून पाडलेले असतात. ‘ओपन’ गटात साधनांवर फारशी बंधने नसतात. ‘टॅक्टिकल’मध्ये मोठे करून दाखवणारी दुर्बीण फक्त रायफलवर चालते. ‘लिमिटेड’मध्ये तीही नाही. ‘हेवी मेटल’मध्ये मोठ्या बोअरची दणकट हत्यारे लागतात. तपशील क्लबागणिक बदलतात, म्हणून त्या सामन्याची नियमपुस्तिका वाचल्याशिवाय काहीही विकत घेऊ नये. बहुतेक नवखे टॅक्टिकल गटात उतरतात आणि ते योग्यच आहे. कारण दुकानातून घेतलेली साधी एआर-१५ धर्तीची रायफल, एकपट ते चार किंवा सहापट दिसणारी दुर्बीण, ९ मिमीचे नेहमीचे पिस्तूल आणि १२ बोअरची स्वयंभरणी शॉटगन एवढ्यावर तिथे भागते. या हत्यारांबरोबर कडक पट्टा, चाप पूर्ण झाकणारा होल्स्टर, मॅगझिनचे खिसे आणि शॉटगनची काडतुसे अडकवायच्या पट्ट्या लागतात. डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षण खेळाडूइतकेच प्रेक्षकालाही सक्तीचे असते. बंदुकीच्या बाराचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो आणि एका बारानेही कानाची कायमची हानी होऊ शकते.

साधनांपेक्षा कितीतरी मोठा विषय सुरक्षिततेचा आहे. भरलेली हत्यारे घेऊन माणसे धावतात असा हा खेळ. तरीही तो सुरक्षितपणे खेळता येतो, कारण त्याचे नियम काटेकोर आहेत आणि ते मोडणाऱ्याला दुसरी संधी मिळत नाही. पहिला नियम ‘कोल्ड रेंज’चा. डाव खेळताना अधिकाऱ्याने सांगितल्याखेरीज कोणाचेही हत्यार भरलेले नसते. रायफल आणि शॉटगनची वाहतूक रिकाम्या अवस्थेत होते आणि गोळीच्या घरात रंगीत खूण खोचलेली असते, म्हणजे ती रिकामी आहे हे लांबूनही दिसते. पिस्तूल हाताळायला ठरवून दिलेली ‘सेफ एरिया’ असते. तिथे रिकामे पिस्तूल काढता-ठेवता येते, पण गोळ्यांना, अगदी सरावाच्या नकली गोळ्यांनाही, हात लावायचा नाही.

दुसरा नियम १८० अंशांचा. खेळाडू जिथे असेल तिथून गोळ्या अडवणाऱ्या मातीच्या बांधाला समांतर अशी एक काल्पनिक रेषा धरतात. नळीचे तोंड त्या रेषेच्या पलीकडे, बांधाकडेच राहिले पाहिजे. ते मागे वळले की खेळाडू त्या दिवसापुरता बाद. ऐकताना हे सोपे वाटते, पण उजव्या हाताचा खेळाडू उजवीकडून डावीकडे धावतानाचे दृश्य डोळ्यांसमोर आणावे. मॅगझिन बदलताना पिस्तुलाचे तोंड सहजच शरीराच्या डावीकडे वळते. धावताना शरीर डावीकडे फिरलेले असेल, तर तेच तोंड थेट मागे उभ्या लोकांकडे जाते. जाणकार खेळाडू अशा वेळी पावले डावीकडे टाकतो, पण हात आणि पिस्तूल बांधाकडेच ठेवतो. नवख्याने रिकाम्या पिस्तुलाने, आधी चालत आणि मग हळू धावत, एवढ्या एकाच हालचालीचा सराव आठवडाभर केला तरी तो वेळ सत्कारणी लागतो.

धावताना, भरताना आणि अडकलेली गोळी काढताना बोट चापापासून दूर, फ्रेमवर सरळ ताणलेले असावे. हत्यार खाली पडणे, नकळत बार उडणे, खटका सुरक्षित न करता भरलेले हत्यार पिंपात सोडणे, या सगळ्याला शिक्षा एकच: त्या दिवसाचा सामना संपला. पिंपात ठेवण्यापूर्वी हत्यार पूर्ण रिकामे हवे किंवा सुरक्षा-खटका लावलेला हवा. घाईत सर्वांत जास्त विसरले जाते ते हेच. म्हणून घरच्या सरावात शेवटचा बार, खटका, पिंप हा क्रम एकत्रच घोटावा.

डावावर हुकूम रेंज अधिकाऱ्याचा चालतो आणि ते हुकूम इंग्रजीतच असतात. ‘लोड अँड मेक रेडी’ म्हटल्यावरच गोळ्या भरायच्या. ‘आर यू रेडी’ला हरकत घेतली नाही की ‘स्टँड बाय’ आणि त्यानंतर शिटी. डाव संपल्यावर ‘अनलोड अँड शो क्लिअर’ म्हणताच हत्यार रिकामे करून दाखवायचे. मध्येच ‘स्टॉप’ ऐकू आले, तर कारण न विचारता आहे त्या जागी थांबायचे आणि बोट चापावरून काढायचे.

तिन्ही हत्यारांत नवख्याला सर्वांत जास्त रडवते ती शॉटगन. रायफल आणि पिस्तुलाचे मॅगझिन एका झटक्यात बदलते. टॅक्टिकल गटातल्या शॉटगनमध्ये मात्र काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक सरकवावी लागतात. सुरुवातीला त्यात आठ-नऊ काडतुसे बसतात आणि डावात लक्ष्ये त्याहून जास्त असतात. नवख्याला एका काडतुसाला दोन-तीन सेकंद लागले तर आठ काडतुसांत वीस सेकंद जातात. नेम कितीही चांगला असला तरी हे वीस सेकंद भरून निघत नाहीत. जाणकार दोन-दोनच्या जोड्यांनी चार काडतुसे एका मुठीत उचलतात आणि शॉटगन उलटी करून दोन दाबांत आत सारतात. याला ‘क्वाड लोड’ म्हणतात. ते नकली काडतुसांनी घरच्या घरी, एक पैचीही दारू न जाळता शिकता येते. पहिल्या वर्षी नवी बंदूक घेण्यापेक्षा ही एक गोष्ट शिकलेली बरी.

काडतुसांबाबतही सावध राहावे लागते. जवळच्या तबकड्या आणि पाट्यांसाठी बारीक शिशाचे छर्रे, तर दूरच्या लक्ष्यासाठी एकच जड गोळी म्हणजे स्लग. जवळच्या पोलादी पाटीवर चुकून स्लग गेला तर ते धोक्याचे असते आणि बहुतेक ठिकाणी त्यासाठी बाद करतात. म्हणून स्लग पट्ट्यावर वेगळ्या जागी ठेवावेत, छर्ऱ्यांत मिसळू नयेत. पोलादी गाभ्याच्या रायफलच्या गोळ्या पाट्यांना खड्डे पाडतात, त्यामुळे त्या सहसा चालत नाहीत. काही ठिकाणी चुंबक लावून गोळ्या तपासतात. सामन्याआधी रायफलचा नेम जुळवून घ्यावा. ५० यार्डांवर जुळवलेली .२२३ बोअरची रायफल साधारण २०० यार्डांवर पुन्हा नेमावर येते, म्हणून ही जुळणी सोयीची मानतात. शॉटगनचे छर्रे किती अंतरावर किती फाकतात आणि स्लग नेमक्या कुठे लागतात हे कागदावर बार टाकून पाहावे.

घरच्या कोरड्या सरावाचा नियम एकच: त्या खोलीत खरी गोळी असता कामा नये. हत्यार दोनदा तपासून रिकामे केल्यावरच होल्स्टरमधून काढणे, मॅगझिन बदलणे, चाप दाबणे, यांचा सराव करावा.

पहिल्या सामन्याला बंदुकांशिवाय जाणे सर्वांत शहाणपणाचे. दिवसभर एका तुकडीबरोबर फिरावे, पुठ्ठ्याची भोके चिकटपट्टीने बुजवायला आणि पडलेल्या पाट्या उभ्या करायला हातभार लावावा. या खेळात ही कामे विजेत्यासकट सगळेच करतात आणि कामाला हात लावणाऱ्या पाहुण्याला सल्ला आणि उसनी साधनेही सहज मिळतात. खेळायला उतरल्यावर नाव नोंदवतानाच आपण नवखे असल्याचे सांगावे. सुरुवातीच्या सुरक्षा वर्गाला बसावे आणि तुकडीत पहिला क्रमांक टाळावा, म्हणजे इतरांचा डाव आधी पाहता येतो. डाव सुरू होण्यापूर्वी लक्ष्ये मोजावीत, कुठे काडतुसे भरायची ते ठरवावे आणि मग चालण्याच्या वेगाने खेळावे. बाद न होता शेवटचा डाव संपवला, तर पहिला सामना यशस्वी झाला असे समजावे.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाने सर्वांत आधी कायदा पाहावा. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसासारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना तिथला केंद्रीय कायदा बंदूक व दारूगोळा बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई करतो. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. रेंजवर मित्राची बंदूक हातात घेणेही या मनाईत मोडू शकते आणि तो गंभीर गुन्हा ठरतो, त्यामुळे वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. ग्रीन कार्डधारकांना ही अडचण नाही, पण राज्याराज्यांचे कायदे वेगळे आहेत. उदाहरणार्थ कॅलिफोर्नियात मॅगझिनमधल्या गोळ्यांवर दहाची मर्यादा आहे.

भारतात सामान्य नागरिकाला एआर-१५ सारखी स्वयंभरणी रायफल परवान्यावरही मिळत नाही, त्यामुळे हा खेळ त्याच्या मूळ रूपात इथे खेळता येत नाही. नेमबाजीची ओढ असलेल्याने १० मीटर एअर रायफल किंवा एअर पिस्तुलापासून सुरुवात करावी. २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या ४.५ मिमी एअरगनला शस्त्र परवाना लागत नाही. मुंबईत वरळीला आणि पुण्यात बालेवाडीला त्यासाठी रेंज आहेत.